ढोबळी मिरची हिरवीच तोडावी की लाल होईपर्यंत झाडावर ठेवावी?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे मध्येच वाचणाऱ्यांनाही कळेल. पुण्यात चौथ्या मजल्यावरची गच्ची, १२ इंची चार कुंड्या, नोव्हेंबरच्या मध्यावर नर्सरीतून आणलेली ढोबळी मिरचीची रोपं. झाडं आता कुंडीसकट कमरेला लागतात, पानं काळपट हिरवी, आणि चार झाडांवर मिळून सात मिरच्या. त्या गेला महिनाभर तेवढ्याच आहेत, लाल व्हायचं नाव नाही. जानेवारीपासून फुलं येतात आणि देठासकट गळून पडतात. पाणी रोज संध्याकाळी, आठवड्याला कुंडीमागे चमचाभर युरिया. आणि शेवटी विचारलंय की फुलगळीवर कुठलं औषध मारू.

औषध कुठलंच नको. तुम्ही प्रश्न फुलगळीचा म्हणून विचारलाय पण मला तो तोडणीचा वाटतो. तुम्ही त्या सात मिरच्या लाल व्हायची वाट बघताय, झाड त्यांच्यात अडकून पडलंय, आणि तोवर बाहेरचा सीझन हातातून चाललाय. आज फेब्रुवारीचा तिसरा आठवडा आहे, म्हणजे काय तोडायचं आणि काय ठेवायचं हे याच आठवड्यात ठरवावं लागेल.

मी कोण सांगणारी, तर मावळात माझ्या दिरांचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस होतं, आठ वर्षं तिथे तोडणी आणि ग्रेडिंग माझ्याकडे होतं. लाल-पिवळी ढोबळी मिरची, आठवड्यातून दोनदा तोडा, क्रेट भरून मुंबईला. ते बंद झालं त्याला आता बरीच वर्षं झाली, तेव्हापासून घरी गच्चीवर पंचवीसेक कुंड्या आहेत आणि त्यात दरवर्षी आठ-दहा झाडं हिचीच. पॉलिहाऊसमधलं सगळं शहाणपण कुंडीत चालत नाही हे मी दोन वर्षं मार खाऊन शिकले, त्यामुळे जिथे फरक पडतो तिथे सांगतेच.

पहिली गोष्ट, हिरवी जात वेगळी आणि लाल जात वेगळी असा खूप जणांचा समज असतो. तसं नाहीये. बाजारात जी हिरवी मिळते ती बहुतेक कच्ची तोडलेली असते, तीच झाडावर राहिली तर जातीप्रमाणे लाल, पिवळी नाहीतर केशरी होते. इंद्रा ही जात घ्या, सगळीकडे हिरवी विकली जाते, पण ठेवलीत तर लालच होईल. म्हणजे तुमच्या मिरच्या लाल होणार की नाही ही शंका नको, होतील (नर्सरीवाल्याने दुसरं रोप दिलं नसेल तर, मला एकदा लाल म्हणून दिलेली चारही रोपं पिवळी निघाली होती, चवीला उत्तम होती म्हणून भांडले नाही). प्रश्न फक्त किती दिवसांत आणि कशाच्या बदल्यात, एवढाच.

फूल धरल्यापासून मिरची पूर्ण आकाराची व्हायला चांगल्या हवेत दीडेक महिना लागतो. त्यानंतर रंग यायला आणखी दोन ते चार आठवडे. थंडीत दोन्ही लांबतं. तुमच्या मिरच्या डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात धरल्या असणार, आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा-बारा अंशांवर जातात, अशा रात्री हे झाड नुसतं बसून असतं, मरत नाही पण वाढतही नाही. त्यामुळे साठ दिवस झाले तरी रंग नाही यात काही बिघडलेलं नाही. मिरची मोठी व्हायची थांबली म्हणजे ती अडली असं नसतं, आकार पूर्ण झाला की ती आतून भरते, भिंत जाड होते, बिया पक्क्या होतात, आणि मग रंग बदलतो. तो महिना बाहेरून बघणाऱ्याला रिकामा वाटतो.

आणि या महिन्यातच गोम आहे. झाडावर वाढतं फळ असेल तर झाड आपलं अन्न त्या फळाकडे ओढतं आणि वरची नवीन फुलं सोडून देतं. पॉलिहाऊसमध्येही ढोबळी मिरची लाटेलाटेने येते, एक लाट धरली की पुढचे दोन-तीन आठवडे फुलं गळतात, तोडा झाला की परत धरतात. ज्यांना माहीत नसतं ते त्या मधल्या काळात घाबरून फवारण्या करत बसतात. कुंडीतल्या झाडाची ऐपत त्याहून कमी. १२ इंची कुंडीत मुळांना जागाच किती, असं झाड एका वेळी थोड्याच मिरच्या नीट पोसतं, त्यातही एखादी पहिल्या फाट्यावर बसलेली असली की ती सगळ्यांत हावरट.

या पहिल्या फाट्याबद्दल जरा सांगते. रोप एका खोडाने वर येतं, वीतभर-दीड वीत झालं की इंग्रजी वायसारखं दुभंगतं, आणि बरोबर त्या बेचक्यात पहिली कळी येते. आम्ही पॉलिहाऊसमध्ये ती कळी न चुकता खुडायचो. वाईट वाटतं खुडताना, कबूल आहे, पण ती ठेवली तर झाड लहान असतानाच लेकुरवाळं होतं आणि फांद्या बारीक राहतात. शिवाय बेचक्यात अडकलेली मिरची चेपून वाकडी होते ती वेगळीच. तुमची ती वेळ गेली, पुढच्या वर्षी लक्षात ठेवा. आत्ता बेचक्यात बसलेल्या मिरच्या काढणं हाच त्यातल्या त्यात जवळचा उपाय.

पण थांबा, सगळं खापर त्या सात मिरच्यांवर फोडणं बरोबर नाही. फुलं गळायला तीन कारणं दिसतायत आणि कुठलं किती हे मी इथून बसून नाही सांगू शकत.

एक तर थंडी. रात्रीचं तापमान पंधराच्या खाली गेलं की परागकण नीट तयार होत नाहीत, फूल दिसायला छान असतं पण धरत नाही, किंवा धरलं तर सुपारीएवढं बिनबियांचं बटण होऊन बसतं. तुमच्या सातपैकी दोन "लिंबाएवढ्याच राहिल्या" असं लिहिलंय ना, त्या बहुतेक हेच आहेत. त्या मोठ्या होणार नाहीत, किती वाट बघितली तरी नाही. आज काढा, कापून बघा, आत बिया नसतील किंवा चार-दोनच असतील.

दुसरं कारण युरिया. आठवड्याला चमचा म्हणजे फार झालं हो. पानं काळपट हिरवी, मऊ, मोठी आणि झाड उंच, हे वाचूनच कळलं होतं मला. नुसतं नत्र (नायट्रोजन) मिळालं की झाडाला फळ धरायची गरजच वाटत नाही, ते अंगाने वाढत सुटतं, आणि वर मावा-फुलकिडे अशा लुसलुशीत पानांवर तुटून पडतात. युरिया पूर्ण बंद. एकदा कुंडीत भरपूर पाणी घालून खालून वाहू द्या, दोनदा, म्हणजे साठलेले क्षार जरा धुऊन जातील. मग चार-पाच दिवसांनी १३:०:४५ (पाण्यात विरघळणारं पोटॅशियम नायट्रेट खत) लिटरला दोन ग्रॅम, कुंडीला अर्धा-पाऊण लिटर, दर आठ-दहा दिवसांनी. रासायनिक नको असेल तर मूठभर गांडूळखत आणि लाकडाची राख चिमूटभर, पण राख खरंच चिमूटभर, ओंजळभर घातली तर माती खारट होते. सेंद्रिय की रासायनिक या वादात मी पडत नाही, माझ्याकडे दोन्ही असतं.

तिसरं कारण आत्ता सुरू होतंय ते, ऊन. हिचं दुसरं नावच सिमला मिरची आहे. दिवसा वीस ते अठ्ठावीस आणि रात्री सोळा ते वीस हे हिचं आवडतं हवामान. दिवस बत्तीस-तेहेतीसच्या वर जायला लागले की फुलं परत गळायला लागतात, पस्तीसच्या पुढे तर विसराच. पुण्यात मार्च संपता संपता ते होतंच, आणि गच्चीवर फरशीची धग वेगळी, ती आपल्या अंदाजापेक्षा दोन-तीन अंश जास्तच पकडा.

आता हे तिन्ही एकत्र ठेवून बघा. आत्तापर्यंत रात्री थंड होत्या म्हणून धरत नव्हतं, मार्चनंतर दिवस तापतील म्हणून धरणार नाही. मधले हे तीन-चार आठवडे, रात्री जरा उबदार झाल्यात आणि दिवस अजून सोसवतायत, हीच तुमच्याकडे उरलेली खिडकी. या खिडकीत झाड मोकळं हवं. म्हणून मी म्हणतेय तोडा. हाच प्रश्न तुम्ही सप्टेंबरमध्ये लावलेल्या झाडाबद्दल नोव्हेंबरात विचारला असतात तर मी सांगितलं असतं की निवांत ठेवा, होऊ दे लाल, वेळ आहे.

सगळ्याच तोडा असं मात्र नाही म्हणत, कारण लाल मिरची खायची हौस मला कळते. स्वतःच्या झाडाची लाल ढोबळी मिरची गोड असते, सालीला चरचरीत, आणि हिरवीपेक्षा क जीवनसत्त्वही तिच्यात जास्त. तर असं करा, दोन झाडं पूर्ण मोकळी करा, आणि उरलेल्या दोन झाडांवर एकेक चांगली मोठी मिरची रंगासाठी ठेवा, बेचक्यातली नको, वरची, पानाच्या सावलीतली. वाटणी एवढीच. तीन आठवड्यांनी तुम्हालाच दिसेल कुठल्या झाडाने किती धरलं.

तोडायच्या आधी एकदा नीट बघा, एखादीला रंग यायला सुरुवात झालेली असेल. इथे एक गंमत होते. हिरवी मिरची एकदम लाल होत नाही, आधी एका बाजूला चॉकलेटी-काळपट डाग पडतो, हिरव्याच्या खालून लाल चढत असतो म्हणून तो मळका रंग दिसतो. लोकांना वाटतं सडली, आणि फेकून देतात. माझ्या शेजारणीने अशा तीन चांगल्या मिरच्या कचऱ्यात टाकलेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात. ओळखायचं सोपं आहे, डागावर बोट दाबा. रंगाचा डाग टणक असतो, चकचकीत असतो, आजूबाजूच्या सालीसारखाच लागतो. सडका डाग मऊ किंवा खोलगट असतो. आणि बुडाशी, म्हणजे फूल जिथे होतं त्या टोकाला, चामड्यासारखा सुकलेला तपकिरी चट्टा असेल तर ती तिसरीच भानगड, कॅल्शियम न पोचल्याची, त्याचं पाण्याच्या वेळी बोलते.

पिवळ्या जातीला हा चॉकलेटी टप्पा नसतो, ती हिरवी, पोपटी, मग पिवळी अशी सरळ जाते.

रंग चढायला लागलेली मिरची सापडली तर तिला राहू दे, आठवडा-दहा दिवसांत होईल. किंवा अर्धी रंगली की तोडा आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात ठेवा, उरलेला रंग तिथे चढतो. आम्ही लांबच्या मार्केटला अर्धी रंगलेलीच पाठवायचो, पोचेपर्यंत पूर्ण व्हायची. पण पूर्ण हिरवी तोडून घरात ठेवली तर ती लाल होत नाही हे पक्कं समजा. ही आंब्यासारखी नाही, अढीत घालून पिकत नाही, तांदळाच्या डब्यात ठेवा नाहीतर केळ्यांबरोबर पिशवीत बांधा, ती सुरकुतेल फक्त. रंगाची सुरुवात झाडावरच व्हायला लागते.

हिरवी तोडायची तर कधी तयार झाली म्हणायची? आकारावर जाऊ नका, कुंडीतली मिरची साठ-ऐंशी ग्रॅमची झाली तरी पुष्कळ, बाजारातल्या दीडशे-दोनशे ग्रॅमशी बरोबरी करू नका. मी अंगठ्याने खांद्यापाशी दाबून बघते. कोवळी असेल तर साल जरा आत जाते आणि कुईकुई वाजते, भरलेली असेल तर दबतच नाही, दगडासारखी लागते. साल गडद आणि तुकतुकीत होते, देठ जाड होऊन त्याचे कंगोरे दिसतात. कोवळी तोडलीत तरी खाता येते, विषबिष नाही, फक्त पातळ असते, भाजीत पाणी होऊन जाते आणि फ्रीजमध्ये दोन दिवसांत मान टाकते.

तोडायची म्हणजे ओढायची नाही. या झाडाच्या फांद्या काचेसारख्या, मिरची ओढली की फांदी खांद्यातून मोडून हातात येते, आणि त्या फांदीवर पुढच्या पाच कळ्या असतात. डाव्या हाताने फांदी धरायची, उजव्या हाताने कात्रीने देठ कापायचा, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर देठ मिरचीला राहू द्यायचा. देठ उपटून आला तर तिथल्या भोकातून मिरची आतून सडते. सकाळी, दव वाळलं की तोडा, दुपारच्या उन्हात नको, मिरची गरम असते आणि लगेच सुकते. पाणी घातल्या-घातल्या ओल्या झाडालाही हात लावू नका.

पॉलिहाऊसला आमचा अजून एक नियम होता, तोडणीच्या आधी साबणाने हात धुवायचे आणि मिश्री-तंबाखू वाल्यांनी दोनदा धुवायचे. येणाऱ्या बायकांना आधी वाटलं मी सोवळं पाळतेय. पण तंबाखूतला मोझॅकचा विषाणू मिरचीला लागतो, हाताने एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, आणि एकदा लागला की त्यावर औषध नाही. घरात कोणी तंबाखू खात असेल तर त्यांना झाडं दुरूनच बघू द्या. कात्री नुसती स्पिरिटने पुसून मात्र भागत नाही, त्याने हा विषाणू नीट मरत नाही, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात ती बुडवून घ्या.

तोडलेल्या मिरच्या धुऊन ठेवायच्या नाहीत, वापरायच्या आधीच धुवायच्या. कापडी पिशवीत किंवा कागदात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये, दहा-बारा दिवस आरामात राहतात. वरच्या कप्प्यात फ्रीझरजवळ नको, सात अंशांच्या खाली हिला थंडी बाधते, सालीवर खड्डे पडतात आणि मऊ होते.

आता पाणी. रोज संध्याकाळी म्हणजे नक्की किती हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण संध्याकाळी भरपूर आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुंडी कोरडी, झाड माना टाकून, असं होत असेल तर ते बदला. सकाळी पाणी द्या, बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओल लागली तर नको. मार्चमध्ये सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं लागेल. मघाशी म्हटलं तो बुडाचा तपकिरी चट्टा याच ओल्या-कोरड्याच्या खेळातून येतो, मातीत कॅल्शियम असतं पण पाण्याबरोबर फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. लोक लगेच अंड्याची टरफलं पुरतात, ती कुजायला महिनेच्या महिने लागतात, या सीझनला त्याचा काही उपयोग नाही. पाणी एकसारखं ठेवलं की नवीन फळांना चट्टा येत नाही, आलेला मात्र जात नाही. फारच येत असेल तर कॅल्शियम नायट्रेट लिटरला दोन ग्रॅम मातीतून द्या, पण ते दुसऱ्या खतांबरोबर एका बादलीत कालवू नका, स्फुरदवाल्या (फॉस्फरसच्या) खताबरोबर तर नाहीच, पांढरा साका बसतो आणि दोन्ही फुकट जातात. आणि त्यातही नत्र असतं, त्यामुळे तुमच्या झाडांना ते उगाच नको.

मातीवर वाळलेली पानं, पाचट, नारळाच्या शेंड्या, जे असेल त्याचा दोन इंच थर घाला. कुंड्या काळ्या प्लॅस्टिकच्या असतील तर बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि थेट फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा. मुळं तापली की वर कितीही पाणी घाला झाड मरगळतं.

आणि सावली. मार्च लागला की अकरा ते चार या वेळात झाडांवर सावली हवी. ३५ किंवा ५० टक्क्यांची शेडनेट मिळते, नसेल तर जुनी पांढरी सुती साडी चार काठ्यांना बांधा, माझ्याकडे तेच आहे, दोन पदरी नको, एकच पदर. हे मी पोटतिडकीने सांगतेय कारण घरच्या पहिल्याच वर्षी मी पॉलिहाऊसच्या तोऱ्यात होते. अकरा मिरच्या लालसाठी ठेवल्या, फुलं दिसावीत म्हणून वरची पानं खुडली, आणि मुलीला फोटो पाठवत बसले. होळीच्या आसपास एका दुपारी बघते तर पश्चिमेकडे तोंड केलेल्या सगळ्या मिरच्यांच्या पाठीला कागदासारखा पांढरा चट्टा. ऊन लागलं होतं. दोन दिवसांत त्या चट्ट्यावर काळी बुरशी आली. अकरापैकी तीन खाल्ल्या आम्ही, त्याही अर्ध्या कापून. पॉलिहाऊसमध्ये वर प्लॅस्टिक असतं, उन्हाचा जोर तिथेच मोडतो, गच्चीवर पानं हीच त्या मिरचीची छत्री असते. तेव्हापासून मी वरचं पान खुडत नाही. खालची, मातीला टेकलेली आणि पिवळी पडलेली तेवढी काढते.

परागीभवनासाठी काही विशेष लागत नाही, एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, चौथ्या मजल्यावर मधमाशी आली नाही तरी चालतं. सकाळी नऊ-दहाला फांद्यांना बोटाने हलकी टिचकी मारत जा, पुरे. तुम्ही विचारलंय की शेजारच्या कुंडीत लवंगी मिरची आहे तर ही तिखट होईल का. नाही होणार. पराग आले तरी या वर्षीच्या फळाची चव बदलत नाही, त्यातल्या बिया पुढे लावल्यात तर त्या झाडाला तिखट मिरच्या येऊ शकतात. आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, तीन उंचवट्यांची नर आणि चार उंचवट्यांची मादी, मादी गोड, ते निव्वळ थापा आहेत, एकाच झाडावर दोन्ही येतात.

किडीचं तुम्ही लिहिलं नाहीत पण युरियावर वाढलेली झाडं आहेत म्हणून बघून घ्या. शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळत असतील तर फुलकिडे, उलट्या होडीसारखी खाली वळून लांबट होत असतील तर कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी रस शोषणारी कीड. दोन्हीला आपण सरसकट चुरडामुरडा म्हणतो आणि एकच औषध मारतो, म्हणून उपयोग होत नाही. एक फूल पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळसर रेघा पळताना दिसल्या तर ते फुलकिडे. त्याला कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, त्यात थोडा साबण, संध्याकाळी पानाच्या खालून, पाच-सहा दिवसांनी परत, आणि निळा चिकट सापळा. कोळ्याला पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण ऊन चढलेल्या दिवशी नाही आणि तेल मारल्यावर दोन आठवडे तरी नाही, नाहीतर पानं भाजतात. शेंडा पूर्ण गोळा होऊन पिवळा-हिरवा चितकबरा झाला असेल तर तो विषाणू, ते झाड उपटून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही.

तर या आठवड्यात एवढंच: युरिया बंद आणि कुंड्यांमधून भरपूर पाणी वाहू द्या, दोन बटणं आणि बेचक्यातल्या मिरच्या कात्रीने काढा, दोन झाडांवर एकेक रंगासाठी राहू दे, पाणी सकाळवर आणा, साडी बांधायची तयारी ठेवा. नवीन फुलं धरली की पाच-सहा दिवसांत कळतं, पाकळ्या वाळून आत वाटाण्याएवढा हिरवा मणी चिकटून राहतो. गळणारं फूल असेल तर त्याचा देठ आधी पिवळा पडतो, मण्याचा देठ हिरवाच राहून खाली वाकतो. रोज सकाळी चहा घेऊन देठच बघा.

ही दुसरी लाट एप्रिलमध्ये येईल, ती हिरवीच खा, रंगाच्या नादाला लागू नका, तोवर ऊन फार असेल. त्यानंतर मी झाडं टाकत नाही, फांद्या अर्ध्यावर छाटून पूर्ण सावलीत ठेवते. काही मे काढतात, काही नाही काढत, कोकणात माझ्या बहिणीकडे दमट हवेत एकही टिकत नाही. जी टिकतात ती पावसाळ्यानंतर नव्या रोपापेक्षा लवकर फळं देतात, पण त्यांच्यात कोळी दबा धरून बसलेले असतात, म्हणून नव्या रोपांपासून लांब.

आणि नवीन लावाल तर नोव्हेंबर उशीर होतो हे तुमच्या लक्षात आलंच असेल. बी ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात टाका, पावसापासून आडोशाला, ट्रेमध्ये, अर्धा सेंटीमीटर खोल. आठ-दहा दिवसांत उगवतं, पस्तीस-चाळीस दिवसांनी रोप लावणीला येतं, म्हणजे सप्टेंबर अखेर किंवा ऑक्टोबर. मग पहिला तोडा थंडी कडक व्हायच्या आत सुरू होतो आणि लालसाठीही वेळ मिळतो. बाजारातल्या हिरव्या मिरचीचं बी काढून लावू नका, ते कच्चं असतं, उगवतच नाही धड. लाल मिरचीचं उगवतं पण ती संकरित असते, झाड आईसारखं निघेलच असं नाही. बी धरून ठेवायची हौस असेल तर कॅलिफोर्निया वंडर किंवा बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेच्या अर्का मोहिनी, अर्का गौरव अशा सरळ वाणांचं बी घ्या. कुंडी १२ ऐवजी १५-१६ इंची घ्या, किंवा वीस लिटरची रंगाची बादली, खाली पाच-सहा भोकं पाडून.

तोडलेल्या मिरच्यांपैकी बटणं आणि बारीक असतील त्यांची पीठ पेरून भाजी करा, डाळीचं पीठ आधी कोरडं भाजून घ्या. आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा कापलेल्या बटणात बिया किती होत्या तेवढं नक्की लिहा, त्यावरून मला थंडीचा भाग किती आणि युरियाचा किती याचा अंदाज येईल.